करार हातात असणे हा गुन्हा होता तेव्हा

न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर १८९२ पासून युरोपातून आलेल्या लोकांची तपासणी सुरू झाली. उतरणाऱ्याला जे प्रश्न विचारले जात त्यांतला एक मोठा अडचणीचा होता: इथे तुमचे काम आधीच ठरले आहे का? ‘हो’ म्हणावे, तर १८८५ च्या कायद्याने त्याला परत पाठवता येई. ‘नाही, आणि खिशातही काही नाही’ म्हणावे, तर हा माणूस सरकारवर भार होणार असे ठरवून १८८२ च्या कायद्याने परत पाठवता येई. निभावून नेणारे उत्तर एकच होते. काम ठरलेले नाही, पण अंगात ताकद आहे आणि चार पैसे जवळ आहेत. आज मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत एच-१बी व्हिसाच्या मुलाखतीला उभ्या असलेल्या इंजिनीयरने हे उत्तर दिले, तर पुढचा प्रश्न विचारायचीही गरज उरणार नाही. त्याच्या हातात मालकाचा मंजूर अर्ज हवा, पगाराचा आकडा हवा, कामाचा पत्ता हवा. सव्वाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट दडवावी लागे, तिच्याशिवाय आता दारात उभे राहता येत नाही. अमेरिकेच्या कामगार-व्हिसाचा इतिहास सहसा कोटा, वंश आणि देशांच्या याद्यांतून सांगितला जातो, आणि ते चुकीचे नाही. पण परवानगीचा कागद कोणाच्या हातात आहे, या एका प्रश्नाचा माग काढला तर तोच इतिहास निराळा दिसतो. बांधलेला परका कामगार इथल्या मजुरीचे दर पाडतो, ही भीती सुरुवातीपासून आजवर तशीच राहिली. उपाय मात्र उलटा झाला, आणि त्या उलट्या उपायाने कायद्यानेच बांधलेला कामगार घडवला, असे माझे म्हणणे आहे.

गोष्ट अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून सुरू करावी लागते. माणसे रणांगणावर गेलेली, गिरण्या आणि खाणी ओस पडू लागलेल्या, अशा वेळी लिंकनने ४ जुलै १८६४ रोजी स्थलांतराला उत्तेजन देणाऱ्या कायद्यावर सही केली. युरोपातल्या मजुराने प्रवासखर्चापोटी बारा महिन्यांपर्यंतची मजुरी आगाऊ गहाण टाकावी आणि तो करार अमेरिकी न्यायालयांनी वाजवून घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा चार वर्षांत, १८६८ साली, रद्द झाला. करारावर माणसे आणण्याला मनाई मात्र नव्हती. संप फोडण्यासाठी मालक बाहेरून मजूर उतरवतात, ही कामगार संघटनांची तक्रार पुढच्या दोन दशकांत वाढत गेली आणि पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यात हंगेरी-इटलीकडच्या मजुरांकडे बोट दाखवून ती बोलली जाऊ लागली. नाइट्स ऑफ लेबर या संघटनेने कायद्याचा आग्रह धरला. ओहायोचे मार्टिन फोरन, जे स्वतः पिंप बनवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेचे अध्यक्ष राहिले होते, त्यांनी तो अमेरिकी काँग्रेसमध्ये मांडला. २६ फेब्रुवारी १८८५ रोजी झालेल्या या कायद्याने परदेशात केलेला मजुरीचा करार रद्दबातल ठरवला आणि त्याखाली माणूस आणणाऱ्या मालकाला दर माणशी १,००० डॉलर दंड लावला. त्या काळी ही रक्कम साध्या मजुराच्या दोन-तीन वर्षांच्या कमाईइतकी होती. करारबद्ध मजूर जाणूनबुजून आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला वेगळा दंड आणि तुरुंग. मूळ कायद्यात दंड होता तो आणणाऱ्याला. करारावर आलेल्या मजुराला परत पाठवण्याची तरतूद दोन वर्षांनी जोडली गेली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. पहिल्या झटक्याला गुन्हेगार मालक होता.

या कायद्याला कामगारमुक्तीची सनद समजण्याचे कारण नाही. त्याच्या पाठीशी असलेल्या भाषणांत हंगेरियन आणि इटालियन माणसांविषयी जी भाषा वापरली गेली, ती आज छापवणार नाही. चिनी मजुरांना तर तीन वर्षे आधीच, १८८२ साली, सरसकट बंदी झाली होती, आणि त्या बंदीच्या मागणीतही हेच लोक पुढे होते. शिवाय धोका किती खरा होता, हाही प्रश्न आहे. शार्लट एरिकसन या इतिहासकार बाईंनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले की थेट युरोपातून करार करून आणलेल्या मजुरांची संख्या संघटना सांगत त्यापेक्षा बरीच कमी होती; बहुतेक जण स्वतःच्या वा नातेवाइकांच्या पैशाने येत आणि बंदरावर उतरल्यावर मुकादमांच्या हाती लागत. म्हणजे कायद्याचे निदान निम्मे चुकले होते. पण उरलेल्या निम्म्यात एक नेमकी समज होती: बाहेरून आलेला माणूस मोकळा असला तर तो काही महिन्यांत बाजारभावाने मजुरी मागू लागतो, दुसरीकडे जास्त मिळाले तर निघून जातो, संपातही उतरतो. करारात अडकलेल्याला यांतले काहीच जमत नाही. दर पडतात ते त्याच्या परकेपणाने पडत नाहीत, त्याला सोडून जाता येत नाही म्हणून पडतात. टेरेन्स पावडर्ली हे नाइट्स ऑफ लेबरचे माजी प्रमुख १८९७ साली अमेरिकेच्या स्थलांतर खात्याचे आयुक्त झाले. ज्यांनी मागणी केली त्यांच्याच हाती अंमलबजावणी आली, आणि ही समज खात्याच्या कामकाजात मुरली.

कायद्याला अपवाद होते आणि खरे पाहता आजचा व्हिसा त्या अपवादांच्या पोटी जन्मला. नट, चित्रकार, व्याख्याते, गायक आणि घरगुती नोकर यांना करार असला तरी येता येई. जो उद्योग अमेरिकेत अजून उभाच राहिलेला नाही त्यासाठी कुशल कारागीर लागले आणि ते देशात मिळेनात, तर तेही चालत. यादीत धर्मोपदेशक मात्र नव्हता, आणि त्यावरून एक खटला उभा राहिला. न्यूयॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चने १८८७ साली इंग्लंडमधल्या ई. वॉलपोल वॉरेन या धर्मोपदेशकाशी करार केला आणि ते रुजू झाले. सरकारने चर्चकडे हजार डॉलरांचा दंड मागितला. कायद्याच्या शब्दांत चर्च पुरते अडकत होते, कारण ‘कोणत्याही प्रकारचे श्रम वा सेवा’ असे त्यात स्पष्ट म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८९२ साली चर्चची सुटका केली. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी लिहिले त्याचा आशय असा की कायदा झाला तो स्वस्त, अकुशल मजुरांचा लोंढा थांबवायला. बुद्धीने काम करणाऱ्यांना अडवणे काँग्रेसच्या मनात असणे शक्य नाही. कायद्याचे शब्द बाजूला सारून हेतू पाहावा की नाही, यावर अमेरिकेतले वकील या निकालाचा दाखला देत आजही भांडतात. आपल्या विषयापुरते त्याचे महत्त्व वेगळे आहे. हाताने राबणारा आणि डोक्याने राबणारा यांच्यात न्यायालयाने इथे रेघ ओढली. पहिल्याचा करार हा समाजाला धोका. दुसऱ्याचा करार ही सभ्य माणसांमधली खाजगी बाब. डोक्याने राबणाराही मालकाला बांधला जाऊ शकतो, ही शंका त्या निकालाला शिवलीही नाही, आणि पुढच्या शंभर वर्षांत कायदे करणाऱ्यांनाही ती फारशी शिवली नाही.

१९१७ च्या कायद्याने ही रेघ आणखी ठळक केली. मान्यताप्राप्त विद्वत्तेचे व्यवसाय करणारे, कॉलेजातले प्राध्यापक, परिचारिका असे सगळे करारबंदीतून मोकळे झाले. त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, त्यात हिंदुस्थान आलाच, स्थलांतराला बंद केला. पण वकील, डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, स्थापत्य अभियंते, शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी यांना त्या बंद पट्ट्यातूनही वाट ठेवली. शेतावर राबणारा पंजाबी अडला, रसायनतज्ज्ञ सुटला. अर्थात त्या रसायनतज्ज्ञाला नागरिक होता येत नव्हते, आणि भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. याच १९१७ च्या कायद्यात आणखी एक कलम होते, दिसायला किरकोळ. देशात तसा बेकार कारागीर सापडत नसेल, तर मालकाने माणूस आणण्यापूर्वी मजूरमंत्र्यांकडे अर्ज करावा आणि मंत्र्यांनी टंचाई खरी की खोटी ते ठरवावे. तोपर्यंत कायदा मालकाला फक्त दंड करत होता. इथे मालक पहिल्यांदा अर्जदार म्हणून सरकारसमोर उभा राहिला.

पूर्ण उलटापालट व्हायला दुसरे महायुद्ध लागले. शेतांवर माणसे मिळेनात म्हणून १९४२ साली अमेरिका आणि मेक्सिको सरकारांनी करार केला आणि ‘ब्रासेरो’ नावाने ओळखली गेलेली योजना सुरू झाली. १९६४ पर्यंत तिच्यात सुमारे ४६ लाख करार झाले. प्रत्येक करारात मजूर एका मालकाशी किंवा मालकांच्या संघाशी जखडलेला. पहिल्या वर्षांत त्यांच्या मजुरीतला दहावा हिस्सा बचत म्हणून कापून ठेवला जाई; तो अनेकांना कधी मिळालाच नाही. फोरनच्या कायद्याने जे वर्णन करून निषिद्ध ठरवले होते, ते आता दोन सरकारांच्या सहीने चालू झाले. या वातावरणात १९५२ साली मॅकॅरन-वॉल्टर कायदा आला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी तो नाकारला होता. काँग्रेसने त्यांचा नकार मोडून काढला. नाकारण्यामागची ट्रुमन यांची मुख्य कारणे देशवार कोट्यांबद्दल होती, त्यामुळे त्या गदारोळात दुसऱ्या एका बदलाकडे फारसे लक्ष गेले नाही. जुनी करारबंदी या कायद्याने गुंडाळली आणि ‘एच’ नावाचा तात्पुरत्या कामगारांचा वर्ग निर्माण केला: असामान्य गुणवत्तेचे लोक, टंचाईच्या कामांसाठी मजूर आणि प्रशिक्षणार्थी. तिन्हींची किल्ली एकच, मालकाने सरकारकडे केलेला अर्ज. येणाऱ्या माणसाला स्वतःसाठी अर्ज करता येत नाही. कागदोपत्री तो फक्त लाभार्थी. ६७ वर्षांपूर्वी दंड भरणारा मालक आता दरवान झाला होता.

यावर कोणी म्हणेल की दुसरी व्यवस्था शक्यच नाही. गरज कोणाची, टंचाई कशाची, हे मालकाशिवाय सांगणार कोण? या आक्षेपाचे उत्तर अमेरिकेच्याच इतिहासात आहे आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांना ते ठाऊक आहे, फक्त त्या नावाने नव्हे. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटे मोडले आणि व्यावसायिकांसाठी ‘तिसरी पसंती’ नावाचा वर्ग ठेवला. त्यात डॉक्टर, इंजिनीयर, शास्त्रज्ञ यांना स्वतःच अर्ज करता येत असे. टंचाईच्या व्यवसायांची यादी मजूर खात्याने आधीच मान्य करून ठेवल्यामुळे अशा अनेकांना नोकरीचे पत्र दाखवावे लागत नसे, आणि विमानातून उतरताना हातात थेट ग्रीन कार्ड असे. साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्यातून गेलेल्या डॉक्टर-इंजिनीयरांच्या पिढीतले बरेच जण या वाटेने गेले. ते गेले तेव्हा त्यांना मालक नव्हता. मिळाला तो आवडला नाही तर दुसरा शोधला, राज्य बदलले, दवाखाना थाटला. उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभे राहिले ते मुख्यतः या पिढीच्या बळावर. आपण याचे श्रेय त्यांच्या कर्तबगारीला देतो आणि ते रास्तच आहे. पण त्या कर्तबगारीला फिरायला मोकळीक होती, हे सांगायचे राहून जाते. १९७६ साली काँग्रेसने ही वाट अरुंद केली आणि तिसऱ्या पसंतीसाठीही अमेरिकी मालकाची मागणी सक्तीची केली. त्यामागे डॉक्टरांच्या संख्येची चिंता आणि मंदी होती. या व्यवस्थेत मजुरीचे दर कोसळल्याचा पुरावा होता, असे मात्र म्हणता येत नाही.

आता एच-१ कडे वळू. १९५२ च्या कायद्याने असामान्य गुणवत्तेचा माणूस तात्पुरत्या कामासाठीच येऊ शकत होता. १९७० च्या दुरुस्तीने कामाच्या तात्पुरतेपणाची अट काढली: जागा कायमची असली तरी माणूस तात्पुरता असला की पुरे. एका ओळीच्या या बदलाने पुढचे सगळे शक्य झाले. त्याच दुरुस्तीने ‘एल’ व्हिसाही आणला, ज्यावर कंपनी आपल्याच परदेशी शाखेतला माणूस आणू शकते. त्याला संख्येची मर्यादा नाही, प्रचलित वेतनाची अट नाही आणि त्यावरच्या माणसाला दुसऱ्या कंपनीत जाण्याची सोयही नाही. व्यापारी करारांवर आधारलेला ‘ई’ व्हिसा, ज्यात गुंतवणूकदार स्वतःच्या धंद्याच्या जोरावर येतो, तो भारतीयांना आजही मिळत नाही, कारण तसा करार दोन देशांत नाही. तेव्हा आपल्याकडच्या माणसासाठी दारे राहिली ती मालकाच्या हातातली. सत्तरच्या दशकात टीसीएसने बरोज कंपनीबरोबर काम सुरू केले, १९७३ मध्ये अंधेरीत सीप्झ उभे राहिले, १९८१ साली पुण्यात इन्फोसिस स्थापन झाली, आणि या कंपन्यांची माणसे गिऱ्हाइकाच्या जागेवर बसून काम करण्यासाठी जाऊ लागली. ‘ऑनसाइट’ हा शब्द मराठी घरांत शिरला तो इथून. १९९० च्या कायद्याने एच-१बीला आजचे रूप दिले: असामान्य गुणवत्ता गेली, पदवी लागणारा कोणताही ‘विशेष व्यवसाय’ आला, वर्षाला ६५,०००ची मर्यादा, जास्तीत जास्त सहा वर्षे, आणि प्रचलित वेतन देऊ असे मालकाचे लेखी वचन. खऱ्या असामान्य लोकांना ‘ओ’ नावाच्या वेगळ्या वर्गात हलवले. वॉरेनसारख्या एखाद्याच्या सोयीसाठी ठेवलेली फट अशा रीतीने एका उद्योगाचा मुख्य दरवाजा झाली. वायटूकेच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखेच्या अडचणीच्या, धावपळीत मर्यादा १,१५,००० आणि नंतर तीन वर्षे १,९५,०००पर्यंत वाढली, पुन्हा ६५,०००वर आली, आणि २००४ च्या कायद्याने अमेरिकी विद्यापीठांतल्या पदव्युत्तरांसाठी २०,००० जागा वेगळ्या ठेवल्या. अर्ज जागांपेक्षा जास्त झाले की सोडत. गेली कित्येक वर्षे मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांत सत्तर टक्क्यांहून अधिक अर्ज भारतीयांचे असतात.

सगळ्यांत वजनदार आक्षेप हा: लाखभर डॉलर मिळवणाऱ्या माणसाला बांधलेला कसे म्हणायचे? तो वेठबिगार नाही, त्याने स्वेच्छेने सही केली आहे, आणि कधीही राजीनामा देऊ शकतो. हे खरे आहे, आणि एच-१बीला गुलामी म्हणणारी भाषणे मला पोकळ वाटतात. पण अमेरिकी काँग्रेसला स्वतः काय काय मना करावे लागले ते पाहावे. १९९८ च्या कायद्याने दोन गोष्टी बंद केल्या: काम नाही म्हणून माणसाला बिनपगारी ‘बेंच’वर बसवणे, आणि मुदतीआधी सोडून जाणाऱ्याकडून दंड वसूल करणे. २००० च्या कायद्याने नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच तिकडे रुजू होण्याची मुभा दिली. त्याआधी मंजुरी येईपर्यंत थांबावे लागे. नोकरी गेल्यास साठ दिवसांची सवलत मिळाली ती २०१७ पासून. त्यापूर्वी नोकरी संपली की देशात राहण्याचा आधारही संपे. ज्या व्यवस्थेत बांधिलकी नसते तिथे एकामागून एक अशा गाठी सोडवाव्या लागत नाहीत. शिवाय या सवलतींनी दिलेली मोकळीक ग्रीन कार्डच्या रांगेने परत घेतली आहे. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००, आणि त्यांतून एका देशाला साधारण सात टक्के. परिणामी २०२५ साली भारतीयांच्या मुख्य वर्गांत २०१३ च्या अर्जांचा नंबर लागत होता. या काळात नोकरी बदलता येते, पण नव्या मालकाला पुन्हा सगळी कागदपत्रे करावी लागतात, आणि बढती मिळून कामाचे स्वरूप बदलले तरी धास्ती असते. माणूस हिशेब करतो आणि थांबतो. १८८५ चे मजूरनेते ज्या यंत्रणेला घाबरले होते ती अशीच चालते. तिला साखळदंड लागत नाहीत, सोडून जाण्याची किंमत वाढवली की पुरे.

दोष मोठमोठ्या आउटसोर्सिंग कंपन्यांचा आहे, असेही म्हटले जाते. थोडासा आहे. पण सोडतीत एकगठ्ठा अर्ज टाकणारा जिंकणार हे नियमच ठरवत आला, आणि माणूस दुसऱ्याच्या जागेवर भाड्याने देण्याचा धंदा परवानगी मालकाच्या नावे असल्यानेच किफायतशीर होतो. कॅनडाने १९६७ पासून गुणांकन पद्धत वापरली, त्यात परवानगी माणसाला मिळते. तिचेही भोग आहेत: टॅक्सी चालवणारे डॉक्टर टोरंटोत कमी नाहीत, कारण आल्यावर काम मिळेलच याची हमी नसते. मालकाने बोलावलेला माणूस निदान पहिल्या दिवसापासून आपल्या कामाला लागतो. म्हणजे सुरक्षितता आणि मोकळीक यांत निवड करावी लागते, हे मान्य. फक्त अमेरिकेने ती निवड कधी उघडपणे केली नाही. एका जुन्या बंदीचे अपवाद वाढवत वाढवत ती तिथे पोचली.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. तो लगेच न्यायालयात गेला. तो टिको न टिको, त्याची रचना बघण्यासारखी आहे. पैसे भरायचे मालकाने. देशात आधीच असलेल्या आणि तिथूनच अर्ज होणाऱ्या माणसांना तो लागू नाही. म्हणजे फटका बसतो तो पुण्यात वा हैदराबादेत बसलेल्या नव्या उमेदवाराला. स्वदेशी कामगारांच्या रक्षणाचे नाव त्याला दिले आहे. पण एका माणसामागे एवढी रक्कम मोजणारी कंपनी त्याला सहा महिन्यांत प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ देईल का? दंड घेता येत नाही, तेव्हा उरतात ते आडमार्ग: भारतात करून घेतलेले बंधपत्र, ग्रीन कार्डचा अर्ज सुरू करण्यात केलेली चालढकल, दोन वर्षांनंतरच मिळणारा बोनस. यांतला एकही मार्ग नवा नाही, आणि त्यांपैकी बहुतेक आजच्या कायद्यात बसतात.